दुसरा बॉक्स

"आणि ही लाल?" तारळेकरकाकांनी विचारलं.

मी त्यांच्या व्हीसीआरच्या मागे डोकं घालून गुडघ्यांवर बसलो होतो. बॉक्समधून निघालेल्या तीन वायरींपैकी पिवळी आणि पांढरी जागच्या जागी बसली होती. लाल नुसतीच लोंबत होती.

"ती राहू द्या तशीच. पिवळीतून चित्र येतं, पांढरीतून डाव्या बाजूचा आवाज, लालमधून उजव्या बाजूचा. तुमचं मशीन जुनं आहे काका, त्याला एकच बाजू ऐकू येते."

"मग नगरपालिकेसाठी अगदी योग्य मशीन आहे," काका म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर न हसता त्यांनी हातातल्या वहीत लिहून घेतलं: लाल – नको.

हे दोन हजार सोळाच्या जानेवारीतलं. त्याच सुमारास आमच्या गावातली जुनी केबल बंद झाली आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. मी उत्तमशेठच्या केबलमध्ये नऊ वर्षं फिटर होतो. माझं नाव युवराज घोंगडे. तेव्हा वय एकतीस, घरी बायको आणि बालवाडीत जाणारी मुलगी. दिवसाला पंधरा-वीस घरं करायचो आणि सगळीकडे एकच ऐकायचो, की आधी चांगलं चाललं होतं, कशाला हे नवीन झेंगट आणलंत? तारळेकरकाकांचं गाऱ्हाणं मात्र वेगळं होतं. त्यांना चित्र स्वच्छ दिसतंय की नाही याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना रेकॉर्डिंग हवं होतं.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. एकतीस वर्षं ते नगरपालिकेत सभालिपिक होते, म्हणजे सर्वसाधारण सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि त्याचं इतिवृत्त तयार करायचं. ते निवृत्त झाले आणि पुढे उत्तमशेठने आपल्या लोकल चॅनलवर दर महिन्याची सभा थेट दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून काकांनी एकही सभा सोडली नव्हती. आतल्या खोलीत लोखंडी कपाट होतं आणि त्यात अकरा वर्षांच्या कॅसेटी, प्रत्येकीवर तारीख आणि विषय, कोरीव अक्षरात.

"कशासाठी करता हे सगळं?" मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"इतिवृत्त लिहिताना काय काय गाळतात ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "गाळणारा हात माझाच होता."

अडचण अशी होती, की जुन्या केबलवर त्यांचा व्हीसीआर स्वतः चॅनल पकडायचा. टायमर लावून ठेवला की ठरल्या वेळी मशीन जागं व्हायचं, सात नंबरवर जायचं, सभा टिपायचं आणि बंद व्हायचं. बाहेरच्या खोलीत सूनबाई टीव्हीवर काय बघतात याचा त्याला पत्ताही नसायचा. आता चॅनल पकडायचं काम बॉक्सकडे गेलं होतं. बॉक्सवर जे लागलेलं असेल तेच मशीनमध्ये उतरणार. जानेवारीच्या सभेला नेमकं तेच झालं. मध्येच सूनबाईंनी, मेधावहिनींनी, चॅनल बदललं आणि पाणीपट्टीच्या चर्चेतून काकांची कॅसेट एकदम भरल्या वांग्यांवर गेली.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा," काका फोनवर म्हणाले. आवाज खरोखर दुखावलेला होता.

म्हणून मी त्यांना दुसरा बॉक्स घ्यायला लावला. एक बाहेर टीव्हीसाठी, एक आत फक्त व्हीसीआरसाठी, कायमचा लोकल चॅनलवर. पण वीज जाऊन आली की बॉक्स पुन्हा एक नंबरच्या जाहिरातींवर जाऊन बसायचा, आणि आमच्याकडे वीज जायचीच. मी दोन दिवस त्या बॉक्सच्या मेनूमध्ये शिरून शोधलं. शेवटी एक जागा सापडली, जिथे सांगता येत होतं की चालू होशील तेव्हा याच चॅनलवर हो. मग आम्ही दोघांनी चाचणी घेतली. काकांनी मेन स्विच बंद केला, पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभे राहिले आणि पुन्हा लावला. बॉक्स जागा झाला आणि व्हीसीआरला जोडलेल्या आतल्या छोट्या टीव्हीच्या पडद्यावर आमच्या चॅनलवरची हळदीच्या भावाची पट्टी सरकू लागली.

"वा!" काका म्हणाले. "युवराज, तू इंजिनिअर व्हायला हवा होतास."

असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा पिताना मी सगळ्यांना ती हकिकत रंगवून सांगितली. उत्तमशेठ तिथेच होते. "अजून कॅसेटवर घेतो म्हातारा?" एवढंच ते म्हणाले.

फेब्रुवारीच्या सभेच्या दिवशीच काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेही जिल्ह्याच्या गावी. मुलगा शिरीष आणि मेधावहिनी, दोघंही त्यांच्यासोबत जाणार होते. म्हणजे घर बंद. आदल्या दिवशी दुपारी काकांनी मला बोलावून घेतलं. आम्ही टायमर एकत्र लावला. सुरू दोन वाजता, बंद पाच वाजता. त्यांनी वहीतून एकेक ओळ वाचायची आणि मी मशीनवर बघून "बरोबर" म्हणायचं. कोरी कॅसेट घातली. तिच्यावर त्यांनी तारीख आधीच घातली होती आणि विषयाच्या जागी लिहिलं होतं: माळावरची टाकी.

"या वेळी महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "टाकीचा विषय येणार आहे. मुजावरबाई बोलणार आहेत, असं कानावर आलंय."

आयेशा मुजावर म्हणजे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंता. माळावरची पाण्याची टाकी जुनी झाली होती हे साऱ्या गावाला दिसत होतं. तिच्या दुरुस्तीचं बिल मात्र मागच्याच वर्षी निघालं होतं. ठेकेदार नगराध्यक्षांच्या नात्यातला होता आणि उत्तमशेठ नगराध्यक्षांचे उजवे हात होते. हे सगळं मला माहीत होतं. पण केबल ओढणाऱ्या माणसाला गावातलं पुष्कळ काही माहीत असतं आणि त्यातलं काहीच आपलं नसतं, असं मी तेव्हा मानत होतो.

सभेच्या दिवशी सकाळी अकराला शेठनी मला कंट्रोल रूममध्ये बोलावलं. ते स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"तारळेकरांकडे दोन बॉक्स आहेत ना?"

"हो."

"इथे दोन्ही त्यांच्याच नावावर दिसतायत. रेकॉर्डिंगचा कुठला?"

"दुसरा. आतल्या खोलीतला."

"नंबर सांग."

मी विचारलं, "कशाला शेठ? काही बिघाड आहे का?"

"नंबर सांग, युवराज."

त्यांनी आवाज चढवला नाही. मला काही देऊ केलं नाही की कसली धमकी दिली नाही. मी खिशातून डायरी काढली, पान शोधलं आणि चार-चार आकडे करत बारा आकडे वाचले. त्यांनी ते परत वाचून दाखवले. मी म्हणालो, "बरोबर."

जुनी केबल होती तेव्हा हे शक्यच नव्हतं. वायरीत जे सोडलं ते साऱ्या गावात जायचं, नाहीतर कुणाकडेच नाही. आता शेठ खुर्चीत बसल्या बसल्या एकाच घराचा एकच बॉक्स झोपवू शकत होते. सभा दाखवायची बंद केली असती तर विरोधकांनी रस्त्यावर बोंब मारली असती. सभागृहात मोबाईलवर शूटिंगला बंदी होती, आणि आमच्या ऑफिसातलं रेकॉर्डिंग शेठच्याच हातात होतं. उरली होती ती काकांची कॅसेट.

हे सगळं मला त्या क्षणी सुचलं असं नाही. घर बंद आहे, कुणाची काय अडचण होणार, असं काहीतरी मनाशी म्हणत मी खाली उतरलो.

दुपारी मी तेली गल्लीत एका शिंप्याच्या दुकानात बॉक्स बसवत होतो. तिथल्या टीव्हीवर सभा चालू होती. मुजावरमॅडम उभ्या राहिल्या. हातात कागद होता. त्या म्हणाल्या, "टाकीच्या तीन खांबांच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. मी दोन पत्रं दिली आहेत. टाकी अर्ध्याच्या वर भरू नये, खाली कुणाला थांबू देऊ नये." नगराध्यक्ष म्हणाले, "बसा मॅडम, तांत्रिक विषय नंतर बघू." त्या बसल्या नाहीत. त्यांनी तेच पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं. मग माईक बंद झाला.

शिंप्याने कात्री थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कापड कापायला लागला. मी वायरीला पिन लावत होतो. नंबर कशाला हवा होता ते आता कळलं होतं. ऑफिस तिथून सायकलने सात मिनिटांवर होतं. काकांच्या शेजाऱ्याकडेही टीव्ही होता, कुणाला तरी मोबाईलवर टिपून घे म्हणून सांगता आलं असतं. मी शिंप्याला रिमोट कसा वापरायचा ते समजावून सांगितलं आणि पुढच्या घरी गेलो.

तीन दिवसांनी काकांचा फोन आला. मी गेलो. डोळ्यांवर हिरवट काळा गॉगल लावून ते व्हीसीआरसमोर पाटावर बसले होते. पडद्यावर काळोख होता आणि मधोमध पांढऱ्या चौकटीत बारीक अक्षरात एक आकडा: ई-३०.

"पूर्ण तीन तास हेच आहे," ते म्हणाले. "मी शेवटपर्यंत पाहिलं. मला डॉक्टरांनी टीव्ही बघायला बंदी केली आहे, तरी पाहिलं. हे काय आहे, युवराज? ई-तीस म्हणजे काय?"

ई-३० म्हणजे केंद्रातून बॉक्स बंद केलेला आहे. आमच्या ऑफिसातल्या भिंतीवर ती यादी चिकटवलेली होती. नव्याने लागलेल्या पोरालाही ते पाठ होतं.

मी म्हणालो, "चॅनल हललं की असं येतं, काका. रिमोटचं बटण दाबलं गेलं असेल."

"कुणाकडून? घरात कोणी नव्हतं."

"निघायच्या आधी."

"निघताना मी एकदा आत आलो होतो," ते सावकाश म्हणाले. "चष्म्याचं घर घ्यायला. तेव्हा दिवा लावला नव्हता."

"मग तेव्हाच हात लागला असेल."

"लागला असेल," काका म्हणाले. त्यांनी वही मागितली. गॉगलमधून नीट दिसत नव्हतं, म्हणून वही डोळ्यांजवळ धरून त्यांनी त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिलं: माझी चूक. अकरा वर्षं ज्या अक्षरात त्यांनी कॅसेटींवर सभांचे विषय लिहिले त्याच अक्षरात. मग मला म्हणाले, "चहा घेऊन जा." मी घेतला.

एकोणीस मार्चला सकाळी साडेसहाला टाकी पडली. काठोकाठ भरलेली होती. खाली व्हॉल्व्ह सोडायला आलेला चावीवाला जालिंदर आणि कळशी घेऊन उभी असलेली शेवंता नावाची बाई, दोघं जागीच गेले. मी माळावर गेलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. चिखलात चपला होत्या, पिवळा पाईप होता. लोक मोबाईलवर फोटो काढत होते. मी तिथे दोन मिनिटंही थांबू शकलो नाही.

आठवड्याभरात मुजावरमॅडम निलंबित झाल्या. धोक्याची कल्पना वरिष्ठांना दिली नाही, असा ठपका. त्यांची दोन्ही पत्रं आवक-नोंदीत सापडली नाहीत. सभेच्या इतिवृत्तात एकच ओळ होती: पाणीपुरवठ्याच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून त्या दिवसाचं रेकॉर्डिंग केव्हाच पुसलेलं होतं. आणि ज्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं त्यांना, त्या शिंप्यासकट, काही आठवेना. आठवत नाही म्हणणाऱ्यांत मीही होतो. मला अजून कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

प्रांत कचेरीत चौकशी सुरू झाली. ज्याला माहिती असेल त्याने येऊन सांगावं, अशी नोटीस लागली. सगळ्यांत आधी तारळेकरकाका गेले. तिथला शिपाई माझ्या ओळखीचा, त्याने मला नंतर सांगितलं. काका म्हणाले, "बाई सभेत काय बोलल्या ते माझ्याकडे रेकॉर्ड असायला हवं होतं. माझ्या हलगर्जीपणामुळे ते झालं नाही. तसं माझ्या जबाबात लिहून घ्या." साहेब म्हणाले, याचा चौकशीला काय उपयोग? काका म्हणाले, "उपयोग नसला तरी लिहा. गाळू नका."

ते ऐकून मी दोन दिवस कामावर गेलो नाही. तरीही बोललो नाही. पोरीची फी, घर, दुसरीकडे कोण घेणार, अशी कारणं रोज सकाळी नव्याने जुळवायचो.

मे महिन्यात मेधावहिनींनी टीव्हीचा रिमोट चालत नाही म्हणून बोलावलं. मी बाहेरच्या खोलीत सेल बदलत होतो. काका आतल्या खोलीत पडले होते, दार लोटलेलं होतं.

"बरे आहेत ना काका?" मी विचारलं.

वहिनींनी आवाज खाली केला. "कसले बरे! त्या कॅसेटचं झाल्यापासून त्यांनी मनावरच घेतलंय. विसरायला लागलोय म्हणतात. मध्ये एकदा दूध उतू गेलं, तर म्हणाले, बघ, ही दुसरी खूण. मग यांनीही घाबरून डॉक्टरांना दाखवलं. आता गॅसला हात लावू देत नाही आम्ही. स्कूटरची किल्ली यांनी कपाटात ठेवलीय. बँकेचंही हेच बघतात." त्या थांबल्या. "एक शब्द बोलले नाहीत हो. किल्ली मागितली, काढून दिली. मी इतकी वर्षं त्यांना बघतेय, असं मुकाट्याने काही देणारे नाहीत ते."

"रेकॉर्डिंग?"

"बंद. तुमचा तो आतला बॉक्स धूळ खातोय."

मी रिमोटचं झाकण बसवलं. रिमोट वहिनींच्या हातात दिला आणि आतलं दार ढकललं.

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आल्याचं बघून उठून बसले. दाढी वाढली होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ते माझ्याकडे बघत होते. तो डोळा आता स्वच्छ होता.

"काका, ई-तीस म्हणजे ऑफिसातून बंद केलेला बॉक्स," मी म्हणालो. बसलो नाही, उभ्यानेच बोललो. "तुमचा हात लागला नव्हता. त्या दिवशी अकरा वाजता शेठनी माझ्याकडून नंबर घेतला. मी दिला. सभा संपल्यावर बॉक्स पुन्हा चालू केला असणार."



"टायमर?" काकांनी विचारलं.

"बरोबर होता."

"दोन ते पाच?"

"दोन ते पाच. आपण दोघांनी मिळून लावला होता."

"चॅनल?"

"तेही बरोबर होतं. बॉक्स जागचा हलला नव्हता."

"मेधा!" काकांनी इतक्या मोठ्याने हाक मारली, की मी दचकलो. वहिनी धावत दारात आल्या. "मेधा, टायमर बरोबर होता. हा म्हणतोय. चॅनलही बरोबर होतं." ते पुन्हा म्हणाले, "सगळं बरोबर लावलं होतं मी."

वहिनींना काही कळेना. त्या एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. काकांनी उशाखालचा रुमाल काढून डोळे पुसले, आधी दुसरा, मग ऑपरेशनचा, अगदी जपून. मग रुमालाची घडी घातली. घडी घालून होईपर्यंत त्यांचा चेहरा पार बदलला होता.

"तू माझ्या तोंडावर सांगितलंस," ते म्हणाले, "की माझा हात लागला असेल."

"हो."

"इथेच, या पाटाशेजारी उभं राहून."

"हो काका."

"आणि मी तुला चहा दिला."

मला वाटत होतं ते आता ओरडतील, निदान घराबाहेर काढतील. त्यांनी वहिनींना विचारलं, "प्रांत कचेरी किती वाजता उघडते?"

"दहाला. पण अहो बाबा, तुम्ही..."

"उद्या दहाला," काका मला म्हणाले. "मी तिथे असेन."

ते मला घ्यायला आले नाहीत, मीही त्यांना घ्यायला गेलो नाही. मी पोचलो तेव्हा ते दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसलेले होते, दाढी केलेली, पांढरा सदरा, मांडीवर वही. शिरीष शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आतून बोलावणं आल्यावर काका उठले आणि शिरीषला म्हणाले, "तू थांब."

साहेब माझ्याच वयाचे होते. शेजारी एक बाई कॉम्प्युटरवर टाईप करत होत्या. मी पहिल्यापासून सांगितलं. बॉक्स, नंबर, ई-तीस, शिंप्याचं दुकान, मुजावरमॅडम जे बोलल्या ते, आठवत होतं तसं, शब्दांसकट. साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"ऐकलं."

"तीन महिने का सांगितलं नाहीत?"

याचं उत्तर मी रात्रभर तयार करून आलो होतो. ते सगळं मी बाजूला ठेवलं. "नोकरी होती," मी म्हणालो.

टाईप करणाऱ्या बाईंनी तेवढंच टाईप केलं. काका खुर्चीत पुढे वाकून पडद्यावर उमटणारी अक्षरं बघत होते. एका ठिकाणी त्यांनी बोट दाखवलं. "इथे 'बॉक्स बंद झाला' असं आलंय. यांनी सांगितलं 'बंद करण्यात आला'. दुरुस्त करा." बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. दुरुस्ती झाली, कागद निघाला आणि मी सही केली.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. उत्तमशेठनी मला त्याच संध्याकाळी काढलं. ज्या कंपनीकडून बॉक्स यायचे तिच्याकडून चौकशीसाठी नोंदी मागवल्या गेल्या, आणि त्यात काकांचा दुसरा बॉक्स दुपारी एक पन्नासला बंद आणि पाच दहाला चालू केल्याचं निघालं. त्या नोंदीला आणि माझ्या जबाबाला धरून मुजावरमॅडमचे वकील लढले. चौदा महिन्यांनी त्यांना परत घेतलं, पण बदली करून, लांब. नगराध्यक्ष पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. जालिंदरच्या आणि शेवंताबाईंच्या घरच्यांना शासनाची मदत मिळाली. काकांकडे कॅसेट असती तर ते ती घेऊन वर्तमानपत्रवाल्यांकडे गेले असते. मार्च उजाडायच्या आत टाकी रिकामी झाली असती का, हे मला कोणीच सांगू शकत नाही. मी वायरमनचं काम धरलं. आता या गोष्टीला नऊ वर्षं होऊन गेली. काका चार वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत ते स्कूटर चालवत होते, हे मी लांबून बघत होतो. घरी मात्र मी पुन्हा कधी गेलो नाही. त्यांनी बोलावलं नाही.

पण त्या दिवसाचं एवढं एक सांगायचं राहिलं. सही करून आम्ही बाहेर आलो. शिरीष रिक्षा बघायला पुढे खाली गेला होता. प्रांत कचेरीच्या पायऱ्या उंच आहेत, दगडी, मधोमध झिजलेल्या. वरच्या पायरीवर काका थांबले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्यामुळे त्यांना खोलीचा अंदाज येत नव्हता. ते पायाने पायरीची कड चाचपत होते. मी पुढे होऊन हात दिला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "माझं मी उतरतो."

त्यांनी वही काखेत धरली, कठडा पकडला आणि एक पाय खाली ठेवला, मग दुसरा त्याच पायरीवर आणला, मग पुन्हा पहिला. वर येणारी माणसं त्यांच्यासाठी बाजूला होऊन उभी राहत होती. मी हात खाली घेतला आणि दोन पायऱ्या मागे राहून, त्यांच्याच चालीने, उतरत राहिलो.